वेगवान गाडी आणि रोजचा रस्ता

१९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक परीक्षा झाली. वाटेत सहा घाट होते आणि एकूण अंतर ६२० मैल, म्हणजे आजच्या हिशेबाने हजार किलोमीटर. कोण आधी पोचतं यापेक्षा कोणाची गाडी न मोडता पोचते, हे त्यात बघायचं होतं. गाजली ती रोल्स-रॉइसची फॉर्टी-फिफ्टी. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ असं तिचं नाव. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती नंतर विकत घेतली. सात लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन. 

आता जरा विचार करा. ही गाडी ज्या रस्त्यावरून गेली, तो रस्ता कोणासाठी बांधलेला होता? बैलगाडीसाठी, टांग्यासाठी, टपालाच्या घोड्यांसाठी. खडी, मुरूम, वर पाणी मारून फिरवलेला रूळ. गाडी विसाव्या शतकातली होती, रस्ता एकोणिसाव्या. मंडळी, आजच्या भागाचा सगळा विषय या एका वाक्यात आहे, कारण शंभर वर्षांनंतरही आपल्याकडे वेगवान गाडी घेणाऱ्या माणसाची तक्रार हीच असते.

हा विषय निघाला तो भिलाईहून आलेल्या एका प्रेक्षकाच्या पत्रामुळे. घरी मराठी, शाळा हिंदी, नोकरी रायपूरला. हायवेने रोज तीसेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. त्यांच्या मनात एक जोरदार टर्बो पेट्रोल गाडी घेण्याचं आहे. पैसे साठवलेत, वय निघून चाललंय. अडचण एकच. वडील स्टील प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झालेत, कंबरेच्या दोन मणक्यांचा त्रास आहे, आणि महिन्यातून दोनदा त्यांना दवाखान्यात न्यायचं असतं. घरात गाडी एकच परवडणार. प्रश्न असा: अशा गाडीत वडिलांना बसवता येईल का? मला हा प्रश्न फार आवडला. मोटारींच्या जाहिरातीत शून्य ते शंभर किती सेकंदांत हे मोठ्या अक्षरांत असतं, पण मागच्या सीटवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं काय होतं ते बारीक अक्षरांतसुद्धा नसतं.

तर आधी थोडं मागे जाऊ.

विदर्भातल्या लोकांना शंकरपट सांगायला नको. पटावर धावते ती छकडी म्हणजे दोन चाकं, एक आस, उभं राहण्यापुरती जागा, बाकी काही नाही. वजन कमी, बैल मोकळे, वेग भन्नाट. त्याच गावात पूर्वी दमणी असायची. छत असलेली, आत गादी-तक्क्या टाकलेली, लेकी-सुनांना आणायला पाठवायची गाडी. छकडीत बसवून कोणी सासुरवाशिणीला माहेरी आणलं नाही आणि दमणी घेऊन कोणी पट जिंकला नाही. दोन कामं, दोन गाड्या. रोज वापरायची हाय-परफॉर्मन्स मोटार म्हणजे या दोन गाड्या एका चेसिसवर बसवण्याचा खटाटोप.

बैलगाडीला स्प्रिंग का नव्हती? कारण लागत नव्हती. ताशी चार-पाच किलोमीटरला खड्डा आला तर चाक सावकाश उतरतं, सावकाश चढतं. वेग दुप्पट झाला की त्याच उंचवट्यावर चाक वर फेकलं जाण्याचा जोर जवळजवळ चौपट होतो. म्हणून स्प्रिंगचा इतिहास हा वेगाचाच इतिहास आहे. इंग्लंडमध्ये रस्ते सुधारले, घोडागाड्या जोरात धावू लागल्या, आणि १८०४ साली ओबादाया इलियट नावाच्या गाडीवाल्याने लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. आपल्याकडे ट्रकच्या मागे दिसतात ते पाटे त्याच घराण्यातले. टांग्याला तेच लागले आणि मोटारीलाही पहिली कित्येक वर्षं तेच होते.

पाट्यांच्या बाबतीत प्रश्न होता, किती मऊ ठेवायचे? या प्रश्नाला शास्त्राच्या अंगाने भिडलेला पहिल्या काही लोकांपैकी एक म्हणजे इंग्रज इंजिनियर फ्रेडरिक लँचेस्टर. त्याचं म्हणणं मोठं माणसाळलेलं होतं. माणूस चालतो तेव्हा त्याचं शरीर दर पावलाला वर-खाली होतं, आणि त्या लयीचा मेंदूला जन्मापासून सराव असतो. गाडीचं हेलकावणं त्या लयीच्या आसपास ठेवलं तर ते जाणवत नाही. मिनिटाला ऐंशी-नव्वद पावलं धरली तर सेकंदाला साधारण दीड वेळा. आजही आरामदायी मोटारीची बॉडी सेकंदाला एक ते दीड वेळा हेलकावेल अशीच स्प्रिंग निवडतात. स्पोर्ट्स गाडीत हा आकडा दोनकडे आणि कधी त्याच्याही पुढे जातो. हेलकावा यापेक्षा फारच सावकाश केला, सेकंदाला अर्ध्याहून कमी, तर माणसाला बोट लागल्यासारखी मळमळ होते. आणि जलद केला तर पुढे दुसरं संकट आहे: बसलेल्या माणसाचं धड आणि पाठीचा कणा सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यातली उभी थरथर सर्वांत जास्त सोसतात. हा चार ते आठचा आकडा लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

लँचेस्टरनंतरचं मोठं नाव मॉरिस ऑली. हा माणूस रोल्स-रॉइसचाच, कंपनीच्या अमेरिकेतल्या कारखान्यात कामाला होता. १९३० साली तो कॅडिलॅकमध्ये गेला. तिथे त्याने एक विचित्र गाडी तयार केली. पुढे आणि मागे वजनं सरकवता येतील अशी, स्प्रिंगा बदलता येतील अशी. साहेब लोकांना तिच्यात बसवायचं, वजनं हलवायची, आणि विचारायचं, आता कसं वाटतं? त्यातून निघालेली एक गोष्ट आजही गाडी बनवणारे पाळतात. पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ ठेवायची. का, तर उंचवटा आधी पुढच्या चाकाला भेटतो, मागच्याला थोड्या वेळाने. मागची बाजू जरा जलद हेलकावली तर ती उशीर भरून काढते आणि गाडी नाक-शेपूट उडवत न जाता सपाट वर-खाली होते. पण पुढची स्प्रिंग मऊ करायची तर पुढचा अखंड आस चालेना, चाकं थरथरायला लागायची. म्हणून दोन्ही चाकं स्वतंत्र करावी लागली, आणि १९३४ साली जनरल मोटर्सच्या गाड्यांना स्वतंत्र फ्रंट सस्पेन्शन आलं.

यात माझ्या दृष्टीने गंमत अशी, की ही चाकं स्वतंत्र झाल्यावर नुसता आराम वाढला नाही, गाडी वळणावरही नीट राहू लागली. मऊ म्हणजे सुस्त आणि कडक म्हणजे चपळ, हे समीकरण तिथेच खोटं पडलं होतं. पुढे लोटसच्या कॉलिन चॅपमनने तेच करून दाखवलं. त्याच्या १९६२ च्या एलान गाडीची स्प्रिंग मऊ, गाडी हलकी, आणि वळणावर भल्याभल्यांना मागे टाकणारी. वजन कमी असलं की थोड्या स्प्रिंगवर भागतं. वजन वाढलं की स्प्रिंग कडक, मग चाक मोठं, मग टायर रुंद, मग पुन्हा वजन. आजच्या वेगवान गाड्या या चक्रात अडकल्यात.

आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्याकडे वेगवान गाडीच नव्हती. ॲम्बेसेडर होती. पुढे टॉर्शन बार, मागे पाटे, बारीक पण उंच टायर, सोफ्यासारखी सीट. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि मग पद्मिनी निघत होती. या गाड्यांना शिव्या खूप पडल्या, पण एक कबूल करायला हवं: त्या इथल्या रस्त्याला घाबरत नव्हत्या. ॲम्बेसेडरच्या मागच्या सीटवर बसून भिलाई ते नागपूर, जवळजवळ पावणेतीनशे किलोमीटर, म्हातारी माणसं झोपून येत. ताशी साठने, अर्थात.

आणि इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी होते. १९४९ साली त्यांनी पहिली छोटी गाडी बनवली, आणि पुढे पाव शतक ते तिच्या नव्या नव्या आवृत्त्या काढत राहिले. तीच ‘मीरा’. तिच्या सस्पेन्शनसाठी त्यांनी लोखंडी स्प्रिंगांच्या ऐवजी रबर वापरलं. सुटे भाग कमी, तेल-ग्रीसची कटकट नाही, धक्का रबरच गिळणार. साधारण याच काळात इंग्लंडमध्ये ॲलेक इसिगोनिसच्या मिनीतही रबराचेच शंकू बसवले गेले. ती मिनी १९५९ पासून जगभर विकली गेली आणि मीरा परवाने-परवानग्यांच्या चिखलात रुतून बसली. मीरावर एक पूर्ण भाग करायचा आहे, तेव्हा इथे आवरतो.

आता २००२. पोर्ट ऑफ स्पेनला सचिनने एकोणतिसावं कसोटी शतक ठोकून ब्रॅडमनची बरोबरी केली, आणि फियाटतर्फे त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. चावी दिली मायकेल शूमाकरने. पुढच्या वर्षी आयात कर माफ करण्यावरून देशभर वाद पेटला. कर होता एक कोटी तेरा लाख, गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी कर फियाटने भरायचं कबूल केलं. घरोघरी चर्चा झाली कराची. मुंबईत ही गाडी रोज चालवायची झाली तर कुठे चालवायची, हे मात्र फारसं कोणी विचारलं नाही. चारशे अश्वशक्तीची गाडी, जमिनीपासून चार बोटं वर, आणि समोर गल्लीतला स्पीड ब्रेकर. नंतर काही वर्षांनी ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली.

सामान्य माणसाच्या आवाक्याच्या जरा वरची, पण दिसेल-मिळेल अशी वेगवान गाडी आली ती २००४ मध्ये, आणि तीही मराठी मुलखातून. औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडा ऑक्टाव्हिया बनत होती. तिची आरएस आवृत्ती आली. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, दीडशे अश्वशक्ती. चार दारं, पोतंभर कांदे मावतील एवढी डिकी, आणि पाय दाबला की पाठ सीटला चिकटली. छकडी आणि दमणी एकत्र! या नावाभोवती तेव्हापासून एक भक्तमंडळ आहे. २०२० साली तिच्या पुढच्या आवृत्तीच्या फक्त २०० गाड्या भारतात आल्या आणि हातोहात संपल्या. मधल्या काळात टाटांनी टियागो जेटीपी काढून बघितली, पुढे ह्युंदाईने आय-ट्वेंटी एन लाइन आणली. म्हणजे हौस आता फक्त श्रीमंतांची उरली नाही. भिलाईहून पत्र येतं ते त्यामुळेच.

या गाड्या कडक का वाटतात? लोक स्प्रिंगला दोष देतात. अर्धा दोष टायरचा असतो. टायरच्या बाजूवर आकडे असतात ते वाचा. मारुती ८०० चा टायर १४५/७० आर १२. याचा अर्थ रुंदी १४५ मिलिमीटर, आणि रबराच्या भिंतीची उंची तिच्या ७० टक्के. गुणाकार केला की १०१ मिलिमीटर. आता २२५/४५ आर १७ घ्या, वेगवान सेडानचा नेहमीचा टायर. २२५ चे ४५ टक्के, पुन्हा १०१! म्हणजे धक्का गिळायला दोघींकडे चार इंच रबर आहे. पण मारुतीचं वजन साडेसहाशे किलो आणि या गाडीचं चौदाशेच्या वर, आणि वेग दुप्पट. शोरूममध्ये ‘सर, अठरा-एकोणीस इंची अलॉय छान दिसतात’ म्हणून चाक वाढवलं, की २३५/३५ आर १९ मध्ये रबर उरतं ८२ मिलिमीटर. दिसायला दोन इंच वाढले, खड्ड्याला दोन सेंटिमीटर कमी झाले. शिवाय मोठं चाक जड. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, ते जितकं जड तितकं ते खड्ड्यातून निघताना स्वतःच गाडीला हिसका देतं. मला विचाराल तर भारतातल्या वेगवान गाडीवरचा सगळ्यांत वाईट खर्च म्हणजे मोठे अलॉय.

शॉकअपची गोष्ट वेगळी. स्प्रिंग गाडीला तोलते, शॉकअप तिचं नाचणं थांबवतो. जुन्या शॉकअपचा स्वभाव एकच, कारखान्यात ठरवला तो. २००२ मध्ये कॅडिलॅकने एक नवा प्रकार आणला. आतल्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण, आणि तारेचं वेटोळं. वीज सोडली की क्षणाच्या शंभराव्या भागात तेल घट्ट होतं, बंद केली की पातळ. फेरारीने हेच २००६ च्या ५९९ मध्ये घेतलं. आणि मग २००७ ची ४३० स्कुडेरिया. ती घडवताना शूमाकरचा सल्ला घेतला होता. तोपर्यंत गाडी ‘रेस’वर टाकली की इंजिन, गिअर आणि शॉकअप सगळंच कडक व्हायचं. या गाडीत शॉकअपला वेगळं बटण दिलं: इंजिन तिखट ठेवा, पण शॉकअप मऊ करा. पुढच्या फेरारींच्या स्टिअरिंगवर खडबडीत रस्त्यासाठी स्वतंत्र बटणच आलं. सात वेळचा जगज्जेता, सपाट ट्रॅकवर आयुष्य काढलेला, त्यालाही ठाऊक होतं की रस्ता खराब असेल तर मऊ चाक जमिनीला जास्त चिकटतं आणि गाडी जास्त जोरात जाते. कडकपणा मिरवणाऱ्यांनी हे ऐकायला हवं.

आता भिलाईच्या रस्त्यावर उतरू. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि कारखान्याबरोबर सेक्टरांचं शहर उभं राहिलं. आधी आखलेले रस्ते, मग घरं. आपल्याकडे हा क्रम दुर्मीळ. टाउनशिपच्या आतल्या रुंद, सावलीच्या रस्त्यांवर कोणतीही गाडी बरी वाटते. तिथून सुपेल्याकडे, पॉवर हाउसकडे जीई रोडला लागलं की आखणी संपते आणि नेहमीचा हिंदुस्थान सुरू होतो. जीई म्हणजे ग्रेट ईस्टर्न. नागपूरहून रायपूरकडे जाणारा हा जुना रस्ता, पुढे राष्ट्रीय महामार्ग ६ झाला, आता ५३. उड्डाणपूल झालेत, पण सेवारस्ते, वळणं आणि गतिरोधक आहेतच.

गतिरोधकाचं गणित करण्यासारखं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवलेला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. त्यावर ताशी २५ ने आरामात जाता यावं अशी अपेक्षा आहे. आता दोन चाकांमध्ये २ मीटर ६५ सेंटिमीटर अंतर असलेली गाडी त्याच्या बरोबर मध्यावर उभी करा. पुढचं आणि मागचं, दोन्ही चाकं गतिरोधकाच्या उतारावरच आहेत, जमिनीपासून जवळजवळ पाच सेंटिमीटर वर. म्हणजे पोटाखाली मोकळी जागा लागते फक्त ५.२ सेंटिमीटर. कोणतीही स्पोर्ट्स सेडान हे हसत पार करेल. पण कोणीतरी रात्रीतून डांबर ओतून केलेला, हातभर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच उंबरठा असेल, तर पूर्ण पंधरा सेंटिमीटर लागतात, आणि बारा-तेरा सेंटिमीटरची गाडी तिथे घासणारच. मालक गाडीला दोष देतो आणि पुढच्या वेळी एसयूव्ही घेतो. देशात उंच गाड्यांची लाट आली त्याची बरीच कारणं सांगतात, त्यात या उंबरठ्याचं नाव कोणी घेत नाही.

मोठ्या रस्त्यावर वेगळीच अडचण येते. हल्ली महामार्ग सिमेंट काँक्रीटचे होतात. काँक्रीट तापून-थंड होऊन तडकू नये म्हणून त्यात साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे ठेवतात. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर, त्याला साडेचारने भागा: सेकंदाला पाच धक्के. ताशी १२० ला साडेसात. आठवतोय तो चार ते आठचा पट्टा? सांधे नीट भरलेले नसले की रस्ता आपल्या मणक्याला नेमक्या त्याच तालात ठोकतो. सेकंदाला एकदा-सव्वा वेळा हेलकावणारी मऊ गाडी यातला बहुतेक मार वरच्यावर गाळते. दोन वेळा हेलकावणारी कडक गाडी, कागदावरच्या साध्या हिशेबाने, त्याच्या तिप्पट-चौपट आत सोडते. खड्डा दिसतो, शिवी देता येते. हा मार दिसत नाही, तासाभराने पाठ बोलू लागते.

म्हणून त्या पत्राला माझं उत्तर असं. गाडी घ्या, पण टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या नव्या डांबरावर घेऊ नका. सुपेला ते कुम्हारी, ताशी ८० ने, वडिलांना घेऊन. मिळतील त्यातलं लहान चाक आणि उंच रबर निवडा. शॉकअप बदलता येणारी आवृत्ती असेल तर सनरूफवर पाणी सोडून तिच्यावर पैसे घाला. हवा सकाळी थंड टायरमध्ये, दारावरच्या तक्त्याप्रमाणे भरा, पंपावरचा पोरगा म्हणेल तितकी नाही. छत्तीसगडच्या मे महिन्यात टायर तापून दाब आपोआप तीन-चार पौंडांनी चढतो आणि गाडी आणखी कडक होते. आणि वडिलांना मान म्हणून मागे बसवू नका. मागची सीट मागच्या चाकांच्या जवळजवळ डोक्यावर असते. दोन्ही चाकांच्या मधोमध, म्हणजे पुढे, सर्वांत कमी उडतं. ऑलीच्या त्या सरकत्या वजनांच्या गाडीने नव्वद वर्षांपूर्वी हेच शिकवलं. त्यातूनही पाठ दुखली तर गाडी बदला, कारण मणके बदलता येत नाहीत.

जाता जाता वडिलांच्या मिलबद्दल सांगायलाच हवं, कारण या देशात गुळगुळीत वेग कोणी बनवला असेल तर तो त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी. भिलाईच्या रेल मिलमध्ये १९६० पासून रूळ लाटले जातात. पूर्वी रूळ तेरा मीटरचा. प्रत्येक तेरा मीटरवर सांधा, आणि तो ‘खडखड-खडखड’ आवाज ज्याच्यावर आपली अर्धी बालगीतं उभी आहेत. ताशी १०० ला सेकंदाला २८ मीटर, म्हणजे सेकंदाला दोनाहून जास्त सांधे. वेग वाढवायचा तर सांधे घालवायला हवेत, हे रेल्वेला फार आधी कळलं. मग भिलाईत लांब रूळ जोडून २६० मीटरचे पट्टे जाऊ लागले, आणि २०१७ च्या सुमारास सुरू झालेल्या युनिव्हर्सल रेल मिलमध्ये सलग १३० मीटरचा रूळ एका तुकड्यात लाटला जाऊ लागला. दोन रूळ जोडले की २६०. ताशी १०० ला आता जोड येतो नऊ सेकंदांनी एकदा, आणि तोही वितळवून घासलेला.

११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात पंतप्रधानांनी एकाच दिवशी दोन गोष्टी सुरू केल्या. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा, आणि नागपूर–बिलासपूर वंदे भारत. पहिल्यावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. आपल्या मित्राची नवी गाडी तिथे एकदा मोकळी धावून येईलच. दुसरी गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर करत जाते, डब्यांखाली हवेच्या स्प्रिंगा आहेत, आणि नागपूर सोडलं की राजनांदगावपर्यंत ती ज्या मार्गावरून जाते तो मुळात १८८० च्या दशकात मीटरगेज म्हणून टाकलेला. तोच मार्ग पुढे ब्रॉडगेज झाला, मग दुहेरी, मग विजेचा. वंदे भारतमध्ये सीटसमोरच्या ट्रेवर चहाचा कप ठेवून बघा, आणि समृद्धीवर त्याच दिवशी त्याच गाडीच्या कपहोल्डरमध्ये. वडील कोणत्या वाहनाने नागपूरला यायचं म्हणतील, ते त्यांनाच विचारा.